सागापलीकडची लिंक

विजयाताई गेल्याचं मला बाजारात कळलं. अंबरनाथ पश्चिमेला भाजी घेत उभा होतो. शेजारी एक बाई मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होत्या. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी दिसला नाहीत?" त्या पाटकर वहिनी, विजयाताईंच्या समोरच्या घरात राहणाऱ्या. मला वाटलं, सोसायटीची पूजाबिजा झाली असेल. "कुठल्या दिवशी?" मी विचारलं. वहिनींनी जुडी परत ठेवली... आणि मग सांगितलं. आठ दिवस होऊन गेले होते. सकाळी दुधाची पिशवी दाराला लटकलेली दिसली, दुपारीही ती तिथंच होती, म्हणून वहिनींनी आधी दार वाजवलं आणि मग दोघातिघांना बोलावून उघडून घेतलं. विजयाताई खुर्चीत बसलेल्या होत्या, चष्मा डोळ्यांवर तसाच. डॉक्टर म्हणाले, हृदय. नाशिकहून भाचा आला, सगळं उरकून तिसऱ्या दिवशी गेला. स्मशानात किती जण होते हे मी विचारलं नव्हतं, तरी वहिनी म्हणाल्या, "आम्ही बिल्डिंगमधलेच, सहा-सात जण." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "तुम्हाला कळवायचं फार मनात होतं हो. पण त्यांचा फोन उघडेना. वह्या शोधल्या, तर त्यांत नुसते आकडेच आकडे. फोनचा कुठला आणि कशाचा कुठला, काही कळेना..."

मी भाजी घेतली, पिशवीत भरली, घरी आलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझं त्यांच्याशी बोलणं होतं का हल्ली?" नव्हतं. अकरा महिने नव्हतं. त्याला कारण मी होतो, आणि ते मी पुढे सांगणारच आहे. पण आधी विजयाताई कोण होत्या ते सांगायला हवं, कारण ते सांगेल असं दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी उल्हासनगरचा. केबल टीव्हीचा धंदा होता. तेरा-चौदा वर्षांपूर्वी तो बसायला लागला, तेव्हा मी इंटरनेटमध्ये शिरलो. अंबरनाथ पूर्वेला आणि बदलापूरला माळरानावर बिल्डिंगा उभ्या राहत होत्या, तिथं तार पोचलेली नव्हती. मग हवेतून द्यायचं ठरवलं. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका जीन्सच्या कारखान्याची गच्ची भाड्याने घेतली, तिथं उंच खांब रोवला, खांबावर काठीसारखा एक अँटेना बसवला आणि ग्राहकांच्या गच्च्यांवर छोट्या डिश लावत सुटलो. पहिले दहा ग्राहक खूश होते. चाळीस झाले आणि रोज संध्याकाळी माझ्या दुकानात भांडणं सुरू झाली.

विजयाताई आल्या त्या ग्राहक म्हणूनच. बाकीचे हातवारे करत यायचे. ह्या पन्नाशीच्या आसपासच्या बाई शांतपणे आत आल्या, चौकटीचा एक कागद टेबलावर पसरला. त्यावर पेन्सिलीने डोंगरासारखी एक रेघ काढलेली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं इंटरनेट. पंधरा दिवसांचं. साडेसातला खाली बसतं, साडेदहाला उठतं. तुमचा अँटेना कुठे आहे? मला बघायचाय."

अंबरनाथच्या एमआयडीसीत एक कारखाना होता. बिनतारी संचांचे अँटेना बनवायचा. त्याच्या चाचणीच्या खोलीत विजयाताईंनी चोवीस वर्षं काढली होती. तयार झालेला प्रत्येक अँटेना त्यांच्या हाताखालून जायचा. तो कुठल्या दिशेला किती बोलतो, किती ऐकतो, हे मोजून शिक्का मारायचं काम. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, आणि बाई घरी बसल्या. घरी म्हणजे म्हाताऱ्या आईजवळ. मग आईही गेली. लग्न केलेलं नव्हतं. का नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

गच्चीवर कारखान्याचे मालक नारीभाईही आमच्या मागोमाग चढून आले. गच्चीभर निळ्या पँटी वाळत होत्या. त्यांच्यातून वाट काढत बाई खांबापाशी गेल्या, वर बघितलं आणि हसल्या. मला आधी रागच आला. म्हणाल्या, "हा चौफेर बोलतो म्हणून तुम्हाला आवडलाय. पण तो चौफेर ऐकतोही. उल्हासनगरातल्या प्रत्येक दुकानातला, प्रत्येक घरातला वायफाय ह्याच्या कानात ओरडतोय. बदलापूरचा माणूस आठ-दहा किलोमीटरवरून हळूच काहीतरी सांगतो, ते ह्याला कसं ऐकू येणार?"

नारीभाई म्हणाले, "साईं, तो बड़ा वाला लगा दो ना. ज्यादा पावर का."

बाईंनी त्यांच्याकडे वळून दोन्ही तळवे कानांमागे धरले. "भाई साहब, शोर में बैठे आदमी को भोंपू देने से सुनाई थोड़े देगा? कान पे ऐसे हाथ लगाने पड़ेंगे." नारीभाईंनीही नकळत आपले हात कानांना लावून बघितले, बदलापूरच्या दिशेला मान वळवली, आणि तिथल्या तिथे त्यांना पटलं. मला पटायला आठवडा लागला. ती काठी उतरवून आम्ही कर्ण्यासारखे दिसणारे तीन अँटेना लावले. एकाचं तोंड अंबरनाथला, दोघांची बदलापूरला. पाठीमागचं उल्हासनगर त्यांना ऐकूच येईना. पहिल्या संध्याकाळी साडेसात वाजले, आठ वाजले, दुकानात कोणी आलं नाही. मी खुर्चीत बसून दाराकडे बघत होतो.

त्यानंतर विजयाताई माझ्याकडे रोज यायला लागल्या. पगारावर ठेवलं, पण त्यांना कामाला ठेवलं असं मला कधी वाटलं नाही. मी त्यांना ताई म्हणू लागलो, त्या मला अरेतुरे करू लागल्या. आमचं पहिलं मोठं भांडण झालं ते कुठल्या पद्धतीचा रेडिओ घ्यायचा यावरून. मला साधं वायफाय हवं होतं. स्वस्त, कुठल्याही कंपनीचा डबा कुठल्याही डब्याशी बोलतो. ताई म्हणाल्या, "ते एका खोलीसाठी बनवलंय, सुधीर. खोलीत सगळे एकमेकांना ऐकतात. एक बोलत असला की दुसरा गप्प राहतो. तुझा अंबरनाथचा ग्राहक आणि बदलापूरचा ग्राहक एकमेकांना ऐकतच नाहीत. दोघांनाही वाटतं, शांत आहे, आपण बोलूया. आणि दोघं एकदम बोलतात." त्यांना हवी होती ती पद्धत वेगळी होती. त्यात खांबावरचा रेडिओच प्रत्येकाला त्याची वेळ नेमून देतो. आता तू बोल, आता तू. अडचण एवढीच की खांबापासून ग्राहकाच्या गच्चीपर्यंत सगळे डबे एकाच कंपनीचे लागत. "म्हणजे जन्मभर एकाच कंपनीच्या दावणीला," मी म्हणालो. "हो," ताई म्हणाल्या, "ते वाईटच आहे. पण आज तुला शंभर माणसांना एका दमात बोलू द्यायचंय. उद्या दोनच माणसं राहिली तर तेव्हा वेगळा विचार करू." मी आवाज चढवला, त्यांनी नाही चढवला. शेवटी त्यांचंच झालं, आणि ते बरोबर होतं.

ताईंबरोबर मी किती गच्च्या चढलो त्याची गणती नाही. पाठीला पिशवी, गळ्यात दुर्बीण, साडीचा पदर कमरेला खोचलेला. पन्नाशी उलटलेली ही बाई टाकीवर चढायची तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी खालून ओरडायचे. नकाशावर दोन गच्च्यांची लिंक जुळते की नाही हे मी संगणकावर बघायचो, पण ताईंना स्वतःच्या डोळ्यांनी समोरची गच्ची दिसल्याशिवाय चैन पडत नसे. "नकाशाला झाड माहीत नसतं," त्या म्हणायच्या. जेवणाची वेळ झाली की टाकीच्या सावलीत बसून डबा उघडायचा. एकटीसाठी कोणी एवढं रांधत नाही, पण त्यांच्या डब्यात कायम दोघांना पुरेल एवढं असायचं. मी घरून जेवून आलो तरी अर्धी पोळी खावी लागे.

अशाच एका दुपारी, बदलापूरला, त्या आपणहून बोलल्या होत्या. खाली नदीपलीकडे बदलापूर गावातली कौलं दिसत होती. म्हणाल्या, "मला गच्ची आवडते. घरी गेलं की मी बोलायची थांबते, सुधीर. कोणी थांब म्हणत नाही... आपोआप थांबतं. परवा दूधवाल्याशी बोलायला गेले तर घशातून आवाजच येईना. शनिवार-रविवार एक शब्द तोंडातून गेला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं." "आमच्याकडे येत जा ना रविवारी," म्हणालो. त्या हो म्हणाल्या. दोनदा आल्या. मग मी बोलावलं नाही आणि त्या आल्या नाहीत. हे असं का झालं याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता करतो.

टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना आत डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, चाळीसेक घरांची. तिथल्या शाळेचे गुरुजी बदलापूरला माझे ग्राहक होते. ते म्हणाले, पोरांना फोनवर शिकवायचंय, पण वाडीत फोनला रेघ येत नाही. पोरं पाऊण तास चढून टेकडीवर जातात तेव्हा कुठे काही लागतं. इंटरनेट अत्यावश्यक सेवेत होतं, त्यामुळे आम्हाला फिरायचा पास होता. भर उन्हाळ्यात आम्ही वाडीवर गेलो. ताईंनी शाळेच्या छपरावर उभं राहून दुर्बिणीतून बघितलं. निष्पर्ण झाडांच्या काटक्यांतून बदलापूरची, आमचे अँटेना असलेली उंच बिल्डिंग थेट दिसत होती. एका दिवसात डिश बसली. सिग्नलचा आकडा आला उणे अठ्ठावन्न. ह्या आकड्यांत शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. एवढ्या अंतराला अठ्ठावन्न म्हणजे उत्तमच. पोरं शाळेच्या ओट्यावर लांब लांब बसली आणि एका फोनमध्ये गुरुजींचा चेहरा दिसला, तेव्हा सगळी एकदम लाजून हसली.

तीन आठवडे छान गेले. मग आकडा घसरायला लागला. साठ, त्रेसष्ट, अडुसष्ट. ताईंनी डबा बदलला, वायर बदलली. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. आणि एके सकाळी लिंक गेली ती गेलीच. आम्ही पुन्हा वाडीवर गेलो. ताईंनी छपरावर चढून दुर्बीण लावली, आणि लगेच खाली केली. समोर बदलापूर नव्हतंच. हिरवी भिंत होती. त्या काटक्या सागाच्या होत्या. सागाला नवी पानं फुटली होती, सुपाएवढी, पाण्याने भरलेली. आमच्या लहरींना पानातलं पाणी पार करता येत नाही, एवढी साधी गोष्ट. चोवीस वर्षांच्या कामातून ताईंना पाठ असलेली गोष्ट.

त्या खाली उतरल्या. वाडीची माणसं जमली होती. मी म्हणणार होतो की जंगलात असं होतंच, पण त्या आधी बोलल्या. "चूक माझी आहे. उन्हाळ्यात बघितलं आणि सागाला पानं येतात हे विसरले. तुमचा काही दोष नाही, डब्याचाही नाही."

गर्दीत पुढे उभी असलेली जना नावाची बाई म्हणाली, "आवं, त्यात काय! चार झाडां तोडूया ना. आमचा माणूस आत्ता कुऱ्हाड घेतो."

मला ते सोपं वाटलं. मी ताईंना बाजूला घेऊन म्हणालोही, "चार झाडांचा प्रश्न आहे." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग त्या जनाला म्हणाल्या, "आज चार तोडाल, पुढच्या वर्षी आणखी चार वाढतील. आणि जंगलखात्याचा माणूस आला तर तुझ्या नवऱ्याला धरेल, मला नाही. माझ्या चुकीसाठी तुझं झाड नको आणि तुझा नवराही नको."

पुढचे आठ दिवस त्या पर्याय शोधत होत्या. मोठी डिश लावावी तर पानं तेवढीच राहतात. ताकद वाढवावी तर सरकारची मर्यादा. खालच्या पट्टीतले, लांब लहरींचे रेडिओ पानांतून जातात, बाहेरच्या देशांत तसले डबे मिळतातही, पण आपल्याकडे ती पट्टी मोबाइल कंपन्यांची. शेवटी जनाच म्हणाली, वाडीच्या वर उघडा कातळ आहे, तिथं गवताशिवाय काही उगवत नाही. ताई घसरत, बसत, पुन्हा उठत त्या कातळावर चढल्या. तिथून एका बाजूला बदलापूर दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला, झाडांच्या वरून, शाळेचं छप्पर. मग कातळावर एक खांब, दोन डिश, सौर पाटी आणि बॅटरीची पेटी. बॅटरी डोक्यावर घेऊन बायकाच चढल्या. जना सगळ्यात पुढे. त्या दिवशी लिंक लागली ती पावसाळाभर टिकली.

आता ते सांगायचं जे मी टाळत होतो. फायबर आलं. बदलापूरच्या, अंबरनाथच्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये तार आली, आमच्यापेक्षा कितीतरी वेगवान. ग्राहक एकेक करून गेले, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी एका मोठ्या कंपनीला उरलेले ग्राहक देऊन टाकले आणि तिच्यासाठीच काम करू लागलो. ताई म्हणाल्या, "ठीक आहे. ज्याचं काम संपलं ते उतरवावं. फक्त बदलापूरच्या गच्चीवरची वाडीची डिश राहू दे. ती कोणाच्या वाटेत नाही." मी म्हणालो, "राहील." मनापासून म्हणालो होतो.

कंपनीची माणसं बदलापूरची गच्ची मोकळी करायला आली तेव्हा मी तिथं होतो. सगळं उतरवून झालं. एकाने कोपऱ्यातल्या डिशकडे बोट दाखवलं, "सर, हे पण?" मला एवढंच म्हणायचं होतं, नको. पण मग हिचं वीजबिल कोण भरणार, गच्चीचा करार कोणाच्या नावावर, वरिष्ठ काय म्हणतील, हे सगळं डोक्यात आलं. ऊन फार होतं. मी म्हणालो, "हो, काढा."

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. "सुधीर, वाडीची लिंक बंद आहे."

"हो ताई. करतो काहीतरी."

"तू काढलीस?"

मी हो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मी जाऊन माफी मागितली असती. आठवडा गेला, महिना गेला. आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणून नाही गेलो, आणि जितके दिवस गेलो नाही तितकं जाणं अवघड होत गेलं. अंबरनाथला कामाला जायचो तेव्हा त्यांच्या गल्लीवरून न जाता पुढच्या रस्त्याने वळायचो. आणि त्या... त्या मला ओळखणाऱ्या दोन-चार माणसांतल्या एक होत्या, आणि त्यांना ओळखणारा बहुधा मी एकटाच होतो.

बाजारात बातमी कळली त्याच्या पुढच्या रविवारी मी वाडीवर गेलो. तिथल्या लोकांना कोणी कळवलं नसणार, हे मला माहीत होतं. पाटकर वहिनींना वाडीचं नावही ठाऊक नव्हतं. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होतो. लिंक मी बंद केली हेही सांगायचं, असं ठरवलं होतं. वाडीत शिरलो तर शाळेच्या ओट्यावर पाच-सहा पोरी एका फोनभोवती डोकी जोडून बसलेल्या. फोनमध्ये कोणीतरी गणित समजावत होतं. मला कळेना. छपरावर बघितलं तर डिश होती, पण आमची नव्हती. लहानशी, चापट.

जना आली. "या. लई दिसांनी. बाई नाय आल्या? दोन शनवार झाले, वाट बघतोय."

मी सांगितलं. ती खाली बसली. पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. मग म्हणाली, "कोन होता जवळ?"

"कोणी नव्हतं."

"आमाला सांगायचा ना... आमी आलो असतो."

मग तिने सांगितलं. लिंक गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात ताई एकट्याच आल्या, एसटीने, पाठीला पिशवी. पुढे दर शनिवारी येऊ लागल्या. बदलापूर गावात एका शेतकऱ्याच्या घरी फायबर होतं. त्याच्याशी बोलून, त्याच्या टाकीशेजारी त्यांनी एक खांब उभा केला होता. तिथून कातळावर आणि कातळावरून शाळेत. सगळं नवं, सगळं एकटीने. साठीच्या पुढच्या बाईने.

जना मला कातळावर घेऊन गेली. वर गेल्यावर मी डबे बघितले आणि बघतच राहिलो. ताईंनी ज्या वेळ नेमून देणाऱ्या पद्धतीसाठी माझ्याशी भांडण केलं होतं, ती इथं नव्हतीच. साधं वायफाय होतं. प्रत्येक टप्प्याला दोनच टोकं, दोघं एकमेकांना ऐकणारी, मग पाळी लावायची गरजच काय? आणि डबे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. एक बिघडला तर कॅम्पातल्या कुठल्याही दुकानातून मिळेल तो आणून लावावा असे. अँटेनाही त्यांनी मुद्दाम रुंद झोताचे घेतले होते. अरुंद झोताची डिश वेग जास्त देते, पण ती केसाइतकी हलली तरी लिंक जाते आणि मग जुळवायला जाणता माणूस लागतो. ह्या चापट अँटेनांना वाऱ्याने जरा वाकवलं तरी चालतं. वेग कमी होता. निम्म्याहून कमी. तो त्यांनी सोडून दिला होता, डोळे उघडे ठेवून.

"हलला तर मीच लावते," जना म्हणाली. "बाईंनी शिकवलाय. फोनवर आकडा बघायचा, हळूहळू फिरवायचा. साठाच्या आत आला की हात काढायचा." तिने पान्याने बोल्ट जरा सैल करून, अँटेना फिरवून, पुन्हा आवळून दाखवलं. "मी म्हनले, बाई, तुमी आहात की. तर म्हनल्या, नसेन तवा?"

मी कातळावर बसलो. खाली साग पानांनी भरलेला होता आणि त्याच्या वरून लिंक चालली होती. मी जनाला खरं सांगितलं, की आधीची लिंक मीच काढली होती. ती म्हणाली, "म्हाईत हाय. बाईंनी सांगितला."

"काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, सुधीरला जमला नाय. बस."

एवढ्या महिन्यांत मी स्वतःला बरीच कारणं दिली होती. त्यांनी माझ्यासाठी एकच शोधलं होतं, आणि ते माझ्या सगळ्या कारणांपेक्षा मऊ होतं. मला तिथं रडू आलं. जना दुसरीकडे बघत राहिली.

ती म्हणाली, दर शनिवारी काम नसलं तरी बाई यायच्या. लिंक बघून व्हायची पाच मिनिटांत. मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत ओट्यावर बसून बायकांशी बोलायच्या. "लई बोलायच्या," जना म्हणाली. "आमालाच गप करायला लागायचा." मला माहीत असलेल्या ताई मोजून बोलणाऱ्या होत्या.

खाली शाळेत आलो. डबा ठेवलेल्या लोखंडी पेटीवर ताईंनी पांढऱ्या ऑइलपेंटने ठळक आकड्यांत आपला फोन नंबर लिहिला होता. जनाने त्याच्याकडे बोट केलं. "आता काय बिघडला तर टेकडीवर जाऊन कोनाला फोन लावायचा?"

गुरुजींच्या कपाटातून मार्कर आणला. मी पेटीपुढे उकिडवा बसलो. जना मागून म्हणाली, "बाईंचा खोडू नका."

"नाही खोडत."

त्यांच्या नंबरच्या खाली मी माझा लिहिला. आकडे जरा वाकडे आले. पोरींनी तो मोठ्याने वाचून बघितला, एकीने आपल्या फोनवर उतरवून घेतला, आणि पुन्हा गणिताला बसल्या.

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. मधे दोनदा जोराचा वारा झाला, बदलापूरला पत्रे उडाले, चार तास वीज नव्हती. दोन्ही वेळा मी फोन हातात घेऊन बसलो होतो, पिशवीही भरून ठेवली होती. वाडीवरून फोन आला नाही. मग मीच इंटरनेटवरून लावला. जना म्हणाली, सगळं चालू आहे, तुम्ही कशाला काळजी करता.

अजूनही आलेला नाही. ताईंनी काम फार नीट केलंय.